दोनशे बारा चष्मे

३ मार्च, मंगळवार

झालं! पुस्तकाचं एक प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. ‘परदेशात राहून आपण गावासाठी काय करतो’ — सगळं लिहून काढायचं, फोटोंसकट. “तुझ्याशिवाय कोण करणार?” म्हणे इथलं आपल्या गावकऱ्यांचं मंडळ. पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर ही प्रकरणं इतरांची. चष्म्यांचं माझं.

चार वर्षं करतेय. इथल्या आपल्या लोकांकडून जुने चष्मे गोळा करायचे, आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत धुवायचे, यंत्राखाली धरून नंबर काढायचा, काडीला चिठ्ठी बांधायची, पेटी भरून दादाला पाठवायची. तो गावात वाटतो आणि एकेकाचा चष्मा लावलेला फोटो पाठवतो, खाली नंबर लिहून. दोनशे बारा फोटो! एकदाही चुकला नाही. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. या पेट्यांनीच मला इथे उभं केलं. त्याआधीचं वर्ष आठवायलाच नको.

५ मार्च

फोटो मोठे छापून आणले. गावच्या शिंपीणमामी काय ऐटीत बसल्यात!

८ मार्च, रविवार

मामींचा फोटो पुन्हा हातात घेतला.

मामींच्या फोटोखाली लिहिलंय — अधिक तीन. म्हणजे जवळचा नंबर. त्या काचेमागे डोळे लिंबाएवढे दिसतात, रोज बघते मी. मामींचे तर मिऱ्याएवढे झालेत आणि गालाची कड काचेत आत सरकलीय! काच उणे नंबरची आहे, लांबचं बघायची. ती लावून मामी सुईत दोरा कसा ओवणार?

दादाची काही गडबड झाली असेल म्हणून सगळे फोटो जमिनीवर मांडले. सुतारकाकांच्या नाकावर तोच चष्मा. पोस्टमनच्याही. उजव्या काडीला स्क्रूऐवजी तांब्याची तार — मीच बांधली होती ती! मग एकेक फ्रेम ओळखत बसले. माणसं दोनशे बारा आणि चष्मे नऊ.

नऊ! लाव, फोटो काढ, दे पुढच्याला.

९ मार्च

दादाला फोन केला. आधी हसला. मग म्हणाला, “अगं, जाऊ दे ना.”

“बाकीचे चष्मे कुठायत?”

“शाळेच्या कपाटात. एकही इकडचा तिकडे झालेला नाही.” वर पुन्हा अभिमान!

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला. तो “दाजींना विचार,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

१० मार्च

विचारलं. हे ताटं पुसत होते, पुसतच राहिले.

“पहिल्याच पेटीनंतर त्याचा फोन आला होता. एकाचा नंबर दुसऱ्याला बसत नाही म्हणाला. उजवा जमला तर डावा जमत नाही. आणि लोकांना दवाखान्यातून नवे चष्मे मिळतात. पेट्या नकोत म्हणत होता.”

“मग?”

“मीच म्हटलं, तिला सांगू नकोस. फोटो पाठवत राहा.”

का, म्हणून तीनदा विचारलं. तेच एक ताट पुसत उभे.

चार वर्षं या माणसानं माझ्या पेट्या उचलून गाडीत ठेवल्या. “जड आहे, तू सोड,” म्हणायचे. सगळं माहीत असून! आणि मी तरी काय? दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर बघणारी बाई. उजव्या-डाव्याची जोडी जमत नाही हे मला कळू नये? कळत होतं बहुतेक. तरी चिठ्ठ्या बांधत राहिले. पण म्हणून काय दोघांनी मिळून मला वेड्यात काढायचं?

जेवले नाही.

१४ मार्च, शनिवार

मंडळाला कळवलं — माझं प्रकरण गाळा. कारण सांगितलं नाही, लाज वाटली. ह्यांच्याशी बोलणं बंद. मीठ हवं असलं तर स्वतः उठून घेतात. दादाचे चार फोन आले, उचलले नाहीत.

१५ मार्च

आईचा फोन. तिला या भांडणाचा पत्ताच नाही.

“यंदाची पेटी निघाली की नाही? शिंपीण दोनदा विचारून गेली. तिकडे गेलीस नि अंथरूण धरलंस, आठ-आठ दिवस कुणाशी बोलायची नाहीस. जावई फोनवर रडले होते गं. कशीबशी एक पेटी भरलीस, तिचे फोटो आले आणि तू उठून बसलीस म्हणाले. दादानं हे गावात सांगितलं, तेव्हापासून माणसं कामं टाकून येतात बघ, तुझ्यासाठी फोटोला बसायला. आता नवे चेहरे संपलेत म्हणतो दादा. पण तू काळजी करू नकोस. शेजारच्या गावाला विचारलंय, ते यायला तयार आहेत.”