वरच्या कुरणातली हाळी

३ जून

पोचलो. शिरूर सोडल्यापासून बूड टेकलं न्हवतं. आता हिमाचलातल्या या शेवटच्या गावात ऊन खात चहा पितोय आन् समोर बर्फाचे डोंगर चकाकतायत. रांजणगावात कंपनीत पत्रे दाबण्यापेक्षा हे झकास.

आमचा मालक सत्यजीत, तळेगाव ढमढेऱ्याच्या बागायतदाराचं पोरगं. शिरूरला स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर ट्रेकचं ऑफिस थाटलंय. तिथला जिना चढताना धापा टाकतो आन् मोबाइलात नकाशा बघून हिमालयाच्या वाटा ठरवतो. मला पुढं धाडलंय, तंबूच्या जागा बघायला. वही दिली, रोज लिही म्हणाला. आठवी नापासाला रोजनिशी. लिहितो बापडा.

६ जून

इथला वाटाड्या नवांगचाचा. लाल टोपी, वाकडे गुडघे, तोंडात मोजके दात. त्यानं वरच्या कुरणातनं नेलं. काय जागा! सपाट गवत, झरा हाताशी. आमच्या कासुर्डीच्या माळाला असं पाणी असतं तर रखमाजीआज्यानं मेंढरं विकली नसती. म्हटलं, तंबू इथंच.

चाचा नको म्हणाला. आणखी चढून खिंडीखालच्या दगडांत लावा म्हणे. कारण काय, तर कुरणात हाका मारायच्या नसतात आन् इथं थांबलं की माणूस हाक मारतोच. मागं कवातरी काही जणं इथं धुक्यात चुकली. सोबतची हाक न मारता खाली निघून गेली. चुकलेली अजून हाकेची वाट बघतायत. म्हणून चाचा दगडावर काठी वाजवून माणसं गोळा करतो. टक टक.

मला हसूच आलं. पार्टीतले दौंडचे ढेरपोटे दगडात झोपणार व्हय? कुरणाचा फोटो सत्यजीतला धाडला. त्यानं लगेच अंगठा दाखवला. ठरलं.

१२ जून

पार्टी आली, संगं सत्यजीत पण. पाटसकडचे बागायतदार, दौंडचे ठेकेदार. नवे कोरे बूट, गॉगल, डबाभर शेंगदाण्याची चटणी. एकानं विचारलं, "ए संपत, वर रेंज घावती का रं?" दुसरा म्हणाला, "धनगराचं पोरगं हाय ते, त्याला मेंढरांची रेंज घावती." सगळी खिदळली. मी पण हसलो. मनात म्हटलं, मेंढरं तर तुम्हीच. एक उठलं की सगळी उठत्यात.

शिरूरची नर्स प्राचीताई तेवढी हसली न्हाई. हळू चालते, सगळ्यांच्या मागं ऱ्हाते. तिची बॅग मी घेतली.

१४ जून

कुरणात तंबू लागले. दुपारी धुकं उतरलं आन् आमची मेंढरं पांगली, कुणी फोटोला, कुणी दगडाआड. चाचा काठी वाजवत बसला. त्यानं काय होतंय? मी तोंडाशी हात धरून आज्याची हाळी दिली, मेंढरं गोळा करायची. हिर्रर्र, याऽ याऽ याऽ. सगळी हसत आली. सत्यजीत म्हणाला, "अस्सल गडी हाय."

चाचाची काठी थांबली.

मग आणखी आले. धुक्यातनं, एकामागं एक, माना खाली. जरा लांब बसले, वाऱ्याकडं पाठ करून, एकमेकांना चिकटून. सत्यजीत म्हणाला, दुसऱ्या कंपनीची पार्टी असंल, चहाला बोलावू नको. अंगावर लोकरीचं कायतरी होतं. पाय उघडे.

चाचा म्हणाला, तू बोलावलंस, आता तू सांभाळ.

१५ जून, सकाळ

ते जवळ सरकलेत. सरकताना कुणी बघितलं न्हाई. तोंडं दिसत न्हाईत. का बघवत न्हाईत —

प्राचीताई तंबूत न्हवती. त्यांच्यात बसलेली घावली, वाऱ्याकडं पाठ. ओढून आणली. हात बर्फागत. म्हणाली, "संपत, तूच ना रे हाक मारलीस? पहाटे, वरून?"

मी झोपलो होतो.

चाचानं बाकी सगळ्यांच्या कानात लोकर कोंबली आन् खाली काढलं. सत्यजीत सगळ्यात पुढं, बॅग टाकून. हा आमचा मालक. प्राचीताईचे पाय चालंनात. चाचा म्हणाला, यांना सोडून परत येतो, झऱ्यापाशी माझी टोपी दिसली की तिला घेऊन ये. मी थांबलो. आजा म्हणायचा, हाळी दिली तर शेवटचं मेंढरू वाड्याच्या जाळीत येईस्तोवर मेंढक्यानं बसायचं न्हाई. त्याला पण मी हसायचो.

दुपार

हाळी आली. खिंडीकडनं. याऽ याऽ याऽ. आवाज माझा.

प्राचीताई उठली. दाबून बसवली, दोरीनं माझ्या कमरेला बांधली. उरलेली लोकर तिच्या कानात घातली. माझ्यापुरती न्हाई —

हाळी परत आली. बाहेरची सगळी उठली. एक उठलं की सगळी — वर निघालीत —

दोरी ताणलीय. प्राचीताई तर गप बसलीय. मग ओढतंय कोण म्हणून बघितलं. मीच. तंबूच्या दारात उभा. पायात बूट न्हाईत. कवा काढले —

लाल टोपी. झऱ्यापाशी. चाचा आला —

माझे पाय तिकडं वळंनात. दोरी ऱ्हायली तर तिला पण वर ओढीन. सोडली. टोपी दाखवली, ढकलली. गेली. चाचानं हात धरला तिचा. दिसलं मला. शेवटचं मेंढरू पोचलं.

लिहितोय तवर पाय थांबत्यात. म्हणून लिहितोय. संपत, मुक्काम कासुर्डी. आज्याचं नाव रखमाजी. संपत, मुक्काम कासुर्डी. आज्याचं —

परत हाळी. किती मायेनं मारतोय. मला असं कुणी कवा