नवव्या गाण्याचा डेमो

प्रिय दाढ्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. समोर गिऱ्हाईक आहे म्हणालो, ते खोटं होतं. शटर अर्धं ओढून मी दुकानात एकटाच बसलो होतो आणि तुझं नाव दिसल्याबरोबर फोन पालथा घालावासा वाटला. तू जे सांगितलंस त्यावर ‘हो का? अरेरे’ एवढंच माझ्या तोंडून निघालं. चाळीस वर्षांत मी तुला घाबरलो असं कधी झालं नव्हतं. दातांच्या डॉक्टरला दाढ्या म्हणणारा मी, आणि टेप-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला खुडबुड्या म्हणणारा तू. आपल्यात कसली आलीय भीती? पण गेली दोन वर्षं ती आहे. समोरासमोर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय. हा तिसरा कागद. आधीचे दोन फाडले.

वसतिगृहातल्या आपल्या खोलीत तू ती निळी तबकडी पहिल्यांदा लावलीस, तो दिवस मला अजून दिसतो. नऊ गाणी, सगळी एकाच बाईंनी गायलेली. नववं संपल्यावर तू सुई उचलून तेच पुन्हा लावलंस. मग मी म्हणालो, ‘सुई खराब आहे,’ आणि तू उशी फेकून मारलीस. पुढे मी सुया बदलत राहिलो आणि तू त्या एका अल्बमच्या मागे लागलास. सुट्या तबकड्यांच्या मागच्या बाजूची, अल्बममध्ये न घेतलेली तीन गाणी. तिसरं गाणं अकरा सेकंद जास्त चालतं ती परदेशी आवृत्ती. बाई दुसऱ्या कडव्यात शब्द चुकतात आणि हसतात तो टेक. मग डेमो, म्हणजे पक्क्या रेकॉर्डिंगच्या आधीची कच्ची गाणी, एकेक करत आठ. दवाखान्याच्या आतल्या खोलीत, दातांच्या साच्यांशेजारी तू त्यांच्यासाठी कुलपाचं कपाट करून घेतलंस. राहिला फक्त नववा. बाईंनी कधी तरी एका मुलाखतीत सांगितलं होतं की ते गाणं त्या पहिल्यांदा घरीच एका साध्या टेपरेकॉर्डरवर गायल्या आणि ती कॅसेट पुढे कुठे गेली कोण जाणे. त्या एका वाक्यापायी तू किती जणांची माळ्यावरची खोकी उपसलीस, त्याची गणतीच नाही.

मग तुझं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या आठवड्यात मी भेटायला आलो तेव्हा तू पलंगावर फार लहान दिसत होतास. तू नेहमीसारखी टिंगल करत होतास. नर्सच्या दातांत कीड आहे म्हणालास. मी निघालो तसा माझा हात धरून म्हणालास, ‘खुडबुड्या, नववं राहिलंच रे.’ एवढंच. घरी येऊन तुझ्या वहिनीला म्हटलं, हा जाणार. ती शिवणयंत्रावर होती. पाय थांबवून म्हणाली, ‘असं अभद्र बोलू नका हो.’ मग बऱ्याच वेळाने तिनेच विचारलं, ‘ते गाणं मला येतं. मी गाऊ?’

आता लिहूनच टाकतो. तुझ्याकडचा नववा डेमो बाईंचा नाही. तो माझ्या स्वयंपाकघरात झाला. दुपारी तीनला, फ्रिज बंद करून, खिडकीला गोधडी लावून. जुन्या भंगारात त्या काळातली एक कोरी कॅसेट होती, ती काढली. गिटार मी वाजवली, म्हणून ती इतकी वाईट आहे. तू लोकांना ‘बघा, बाई तेव्हा शिकत होत्या’ असं कौतुकाने सांगतोस तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. तुझी वहिनी पन्नाशीची, आणि बाई तेव्हा विशीतल्या. म्हणून रेकॉर्ड करताना मशीनची मोटर मी केसभर हळू चालवली. मग तीच कॅसेट नेहमीच्या वेगाने लावली की आवाज जरा वर चढतो, कोवळा लागतो. आम्ही ती वाजवून पाहिली. लग्नाआधी मी ऐकला होता तो आवाज त्या पेटीतून येत होता. ती लाजली आणि म्हणाली, ‘चोर आहात तुम्ही.’

एका बंद पडलेल्या स्टुडिओचं सामान दुरुस्तीला आलं, त्यात ही सापडली, असं मी तुला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात येऊन सांगितलं. तू कानाला हेडफोन लावलास आणि मी तुझा चेहरा बघत उभा राहिलो. माझ्या छातीतली धडधड तुझ्या पलंगाशेजारच्या ठोके मोजणाऱ्या यंत्रावर दिसेल की काय असं वाटत होतं. तू डोळे मिटलेस. उघडलेस तेव्हा त्यांत पाणी होतं. ऑपरेशन झालं, तू वाचलास, आणि माझी पंचाईत झाली. मेलेल्या माणसाशी खोटं बोलणं वेगळं आणि दर रविवारी चहाला बोलावणाऱ्याशी वेगळं. (रागावू नकोस, मी खरोखरच तसा हिशेब केला होता.) वहिनी रोज मागे लागायची, ‘सांगून टाका, हसतील ते.’ मी उद्यावर ढकलायचो. मग तू इतर शौकिनांना बोलावून ते ऐकवू लागलास. तो जाड चष्मेवाला आठवतो? कॅसेट उलटीसुलटी करून त्याने विचारलं होतं, ‘इतकी जुनी आणि इतकी कमी झिजलेली कशी?’ तेव्हा मी उगाच कपबश्या गोळा करायला लागलो. तूच माझी बाजू घेतलीस. आमच्या खुडबुड्याने साफ केलीय म्हणालास.

गेल्या वर्षी तुझी वहिनी चार दिवसांच्या तापात गेली. तू सगळं सोडून धावत आलास, माझ्या शेजारी बसलास. त्याही दिवशी मी सांगू शकलो असतो. त्यानंतर माझे रविवार वाढले. तुला वाटलं, एकटा पडलाय, म्हणून येतो. ते खरंच होतं, पण मी ‘नववं लाव ना’ म्हणायचो ते कशासाठी, ते आता तुला कळलं असेल. टेप झिजते म्हणून तू महिन्यातून एकदाच लावायचास. कॉपी काढली की ती गावभर होते, म्हणून कॉपीही काढू द्यायचा नाहीस. मी जास्त आग्रह केला तर तुला संशय येईल, या भीतीने मीही गप्प बसायचो. लोकांच्या मुलांचे बोबडे बोल, लोकांच्या आज्यांची गाणी मी जन्मभर सांधत बसलो; हिचं गाणं म्हणून माझ्याकडे काही नाही. फोनमध्ये दोन व्हिडिओ आहेत. दोन्हींत ती हात आडवा धरून ‘अहो, बंद करा ते’ म्हणते.

पंधरा दिवसांपूर्वी तू बाईंनाच दवाखान्यात घेऊन आलास. वाटलं, संपलं. काठी टेकत त्या तुझ्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या, त्यांची मुलगी मागे उभी राहिली. तू कॅसेट लावलीस. मी दाराशी होतो, पळता यावं म्हणून. पहिल्या ओळीला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या कडव्याला चष्मा काढला. संपल्यावर म्हणाल्या, ‘हो. ही मीच. आईच्या घरातली मागची खोली. किती वर्षांनी ऐकतेय.’ आणि रडल्या. तू माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलंस. पकडलो गेलो असतो तर बरं, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. कंपनी नवी आवृत्ती काढणार, त्यात नववा डेमो घालणार, मूळ कॅसेट या गुरुवारी, म्हणजे उद्याच, माणूस येऊन नेणार आणि ती त्यांच्याच संग्रहात राहणार, हे सगळं तुम्ही माझ्यासमोर ठरवलंत. मी मान हलवत होतो.

काल तू फोनवर म्हणालास की कपाटातून कॅसेट गेली आहे. किल्ली कुठे असते ते फक्त दवाखान्यातल्या मदतनीस ताईंना माहीत, त्यांनी रडून शपथ घेतली तरी उद्यापासून येऊ नका असं सांगणार आहेस. दाढ्या, त्यांना परत बोलाव. किल्ली साच्यांच्या डब्यात असते हे मलाही माहीत आहे. सोमवारी तू आत कुणाची तरी दाढ काढत होतास तेव्हा मी कपाट उघडलं. कॅसेट माझ्यासमोर टेबलावर आहे. तुझ्या मशीनवर ती नेहमी वीस वर्षांची मुलगी असते. माझ्या मशीनचा वेग खाली आणता येतो. बरोबर तेवढा आणला की ती तिच्या खऱ्या आवाजात गाईल, त्या दुपारी माझ्या समोर बसून गायली तशी. तेवढं एकदा ऐकून, एक प्रत काढून मी कॅसेट परत ठेवणार होतो. आज तिसरा दिवस. हजारो टेपा सांधलेला मी, ही मशीनमध्ये घालायला माझा हात धजत नाही. फीत अडकली तर, तुटली तर? काल स्क्रू ड्रायव्हर हातातून पडला. हे पत्र मी स्वतः तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. बाईंना काय सांगायचं आणि माझं काय करायचं, ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. पण त्याआधी दुकानात ये. तुझे हात दुसऱ्याच्या तोंडात असतानासुद्धा हलत नाहीत. कॅसेट तू घाल, कळ तू दाब. मी शेजारी उभा राहतो.

तुझाच,
खुडबुड्या