बारीक दळण

कोंढा, ता. ३ जानेवारी २०२६

ती. विनोदभाऊले रिताचा जय भीम.

वि. वि. तुही चिठ्ठी भेटली. फोनवर बोलाले गेली का सासू बाजूले येऊन बसते, म्हून लिहून राहिली.

आबाजी गेले, आता २६ जानेवारीले पंचायतीत त्याहिची माहिती वाचाची हाय, तू लढाईचं लिहून दे म्हणतं. काय लिहू? मी सातवी शिकली. अन् लढाईचं आबाजीनं मले, नातीले, कधी सांगतलंच नाई. तोफेपाशी ड्युटी होती, दोन्ही कान गेले, एवढंच. फौजेतून येऊन आंधळगावात चक्की टाकली. चक्कीच्या आवाजात सारेच बहिरे, म्हणे. गिऱ्हाईक हातानंच सांगे. पंजा पसरला का जाडं, अंगठा बोटावर घासला का बारीक.

भाऊ, मले दुसरंच सांगाचं हाय. गुड्डी दीड वर्साची झाली, काईच बोलत नाई. काल तिच्या मांगं पाण्याचा पितळी गंज दणकन पडला, पोरगी पलटली नाई. पोळ्याले मी महिनाभर तिकडं होती, तवा आबाजी तिच्या मांगं डबा वाजवे अन् माह्या तोंडाकडं पाहे. मंग तिचा हात चालू चक्कीवर ठेवे, तशी थे खिदळे. मले वाटे, खेळवून राहिले.

सासू म्हणते, आमच्या घरचे लेकरं उशिराच बोलते. गुड्डीचे बाबा म्हणते, पाहू. मले लय भेव लागते. तू ये, तिले भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊ.

वहिनीले जय भीम. माया राहू दे.

तुही रिता

आंधळगाव, ता. ८ जानेवारी

चि. रिताले जय भीम.

पत्र भेटलं. लहानपणी पालीले भेणारी तू, अजूनबी तशीच! गुड्डी बेस हाय. डोळे पाह्य तिचे, कसे चमकते. उगाच सासूशी वाकडं घेऊ नोको. चक्की बंद ठेवून मले निघता येत नाई, २६ झाली का पाहू. बॅनरवर आबाजीचा वर्दीतला फोटो टाकला. सरपंच विचारते, किती दुश्मन मारले? चार दमदार ओळी लवकर धाड.

वहिनी आठोन काढते. रुसू नोको.

तुहा भाऊ विनोद

कोंढा, ता. १३ जानेवारी

ती. भाऊ, जय भीम.

राग आला म्हून अक्षर वाकडं हाय. बेस हाय म्हणतं, कुठून पाह्यलं तू? सारेच मले बेस हाय, बेस हाय म्हणते, अन् दवाखान्याचं नाव काढलं का तोंड फिरवते.

काल गुड्डीले वरण-भात भरवत होती. तिनं घास ढकलला अन् अंगठा बोटावर घासला. मी पुन्हा देल्ला. पुन्हा ढकलला, पुन्हा घासला, अन् माह्याकडं असं पाहे का मलेच समजत नाई. मंग ध्यानात आलं. भात कुस्करून बारीक केला. सारा खाल्ला तिनं.

आबाजीले मालूम होतं, भाऊ. मांडीवर बसवून तिले शिकवत होते, अन् आपण म्हणो, बुढा लाड करते. सासूले दाखवलं तर म्हणे, हात खाजवत असंन.

सोमवारी १९ ले सकाळच्या बसनं मी तिले घेऊन भंडाऱ्याले जाऊन राहिली. घरी सांगून टाकलं. तू नाई आला तरी जाईन.

अन् तुह्या ओळी घे. दुश्मन किती, मले ठाऊक नाई. एवढंच वाच: तेजराम आबाजीले ऐकू येत नव्हतं, तरी तीस वर्सं गावात कोणाचं दळण चुकलं नाई. त्याहिचं शेवटचं गिऱ्हाईक दीड वर्साचं हाय, कोंढ्याले राह्यते.

माया असंन तर सोमवारी चक्की बंद ठेव.

रिता