तीन तासांचा लेप

३ फेब्रुवारी

सांडलेल्या एका कप चहाचा खरा हिशेब: सीट सोडवायला दोन तास, धुवायला दीड, वाळायला दोन दिवस. तोवर टॅक्सी दारात उभी. आणि डाग? आहे तिथंच! हे सगळं आज टॅक्सीमालकापुढे मांडलं. नऊ गाड्या आहेत त्याच्या. सीटवर आमचा लेप फवारला, की चहा थेंब होऊन घरंगळतो — कापडात शिरत नाही. "एक गाडी देतो पंधरा दिवस," म्हणाला. "डाग पडला नाही, तर बाकीच्या आठही तुमच्या."

आठ गाड्या म्हणजे दुकानामागची खोली भाड्याने घेता येईल. लेक शिलाई मशीनपाशी अंग चोरून बसते, ते संपेल.

५ फेब्रुवारी

फवारून झालं. लेक म्हणाली, "बाबा, अख्खा दिवस वाळू दे. डब्यावर लिहिलंय." तेवढ्यात मालकाचा फोन — लांबचं भाडं आलंय, गाडी सोडा. तीन तासांत सोडली. वर छाती फुगवून सांगितलं, "डबा काय मला शिकवणार! तीस वर्षं कापड हाताळतोय. माझ्या हातचा लेप तीन तासांत पक्का!"

"हं," म्हणाली. आईचा "हं" जसाच्या तसा उचललाय पोरीने.

६ फेब्रुवारी

लेकीने काल सीटच्या कापडाच्या एका उरलेल्या तुकड्यावरही फवारलं होतं. तीन तासांनी मुद्दाम त्यावर बसली! आज चहा ओतला. मुरला. "ओल्यावर बसलं ना बाबा, की लेप सीटला कमी आणि विजारीला जास्त." हसलो. डागरोधक विजारी घालून हिंडतायत आमची गिऱ्हाइकं! मग हसू ओसरलं.

मालकाला फोन करावा? उचलला. ठेवला.

११ फेब्रुवारी

फोन नाही. बरं लक्षण?

१४ फेब्रुवारी

चौकात ती टॅक्सी दिसली. मागे दोन पोरं, हातात आइस्क्रीम. गार त्यांना लागतंय, घाम मला.

२० फेब्रुवारी

मालक स्वतः गाडी घेऊन आला. दार उघडलं — सीट नव्यासारखी! "मानलं तुम्हाला, मिस्त्री!" आठही गाड्या पक्क्या. लेकीकडे वळून म्हटलं, "काय? तीन तास!" संध्याकाळी मागच्या खोलीची किल्ली घेतली. मशीन कुठे ठेवायचं, ते ती पावलांनी मोजत होती.

२१ फेब्रुवारी

खोलीच्या दारावर पाटी लावली: लेप लावलेली गाडी दुसऱ्या दिवशीच मिळेल. अक्षर लेकीचं, खिळा माझा. मालकालाही खरं सांगून टाकलं. पोट धरून हसला. "आठही घ्या, पण वाळवून द्या हो!"

झालं असं — सकाळी त्या टॅक्सीचा ड्रायव्हर आला. डिकीतून घडी घातलेली जुनी चादर काढली. चहाचे डाग, आइस्क्रीमचे डाग.

"एवढी छान केलीत सीट, कुणाला बसवायचा जीव होईना. पहिल्या दिवसापासून हीच अंथरली होती."