दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

४ फेब्रुवारी, बुधवार

ताईचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. स्वरयंत्र काढणार. डॉक्टर इतक्या सौजन्याने सांगत होते, जणू अक्कलदाढच काढायची आहे. ताईने विचारलं, "मग मी हिच्याशी भांडायचं कसं?" डॉक्टर म्हणाले, लिहून. त्यावर ताई : "लिहून भांडण्यात हिचा हात कोण धरणार? पगार मिळतो तिला त्याचा."

घरी आले तर रेकॉर्ड कंपनीचं पत्र. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची ती तबकडी, जिच्यात ताई गायली होती, पुन्हा काढताहेत. फंक, सोल, डिस्को, सगळं एका पाकिटात. मुखपृष्ठावर मुख्य गायिका, सगळे जिला महाराणी म्हणत, चंदेरी बुटांत, डोक्यावर आरशांचा गोळा. आतला मजकूर मी लिहायचा, दोन पानं. शिवाय कलाकारांची यादी तपासून द्यायची. तेवीस तारखेला छपाई. साप्ताहिकात मी पाणीकपातीपासून श्वानप्रदर्शनापर्यंत सगळ्याची वार्ताहर. मागच्या वर्षी या तबकडीवर सहज एक लेख लिहिला होता, तो म्हणे त्यांना भावला. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली बाई आता डिस्कोवर भाष्य लिहिणार. बाबा असते तर चष्मा काढून पुसत बसले असते.

७ फेब्रुवारी, शनिवार

तबकडी चार वेळा ऐकली. पहिली बाजू नाचायची, दुसरी नाचून दमल्यावर पस्तावायची. शेवटचं गाणं सात मिनिटांचं. आधी बेस गिटार एकटंच, चोरपावलांनी. मग ड्रमचे सरळ चार ठोके, टाळ्या, आणि ब्रासवाले असे घुसतात की जणू लग्नाला उशिरा पोचलेले मामा. आणि त्यावर तो आवाज.

पाकिटावर तो महाराणीच्या नावावर आहे. आमच्या घरात मात्र लहानपणापासून एकच गोष्ट — तो आवाज ताईचा. ताई तेव्हा एकोणीसची, कोरसमध्ये गायची. आई रोज सोबत जायची आणि स्टुडिओतल्या बाकावर बसून राहायची, ही बाबांची अट. स्टुडिओची पद्धत अशी की वादकांना चाल कळावी म्हणून आधी कोणीतरी कामचलाऊ गाऊन ठेवायचं. त्याला गाइड म्हणत. मुख्य गायिका आली की ते पुसायचं आणि त्या जागी तिचं भरायचं. त्या दिवशी महाराणी तापाने पडलेली. गाइड गायलं गेलं, आणि पुसायचं राहून गेलं.

खरं सांगायचं तर — इथे कोण वाचतंय — मला हे कधी पुरतं पटलं नव्हतं. ताई त्यानंतर गायलीच नाही. वाढदिवसालासुद्धा "घसा बसलाय" म्हणून सटकायची. मी तिला चिडवायचे : मौनं सर्वार्थसाधनम्. आता तो घसाच जाणार म्हटल्यावर विनोद माझाच मला बोचतोय.

९ फेब्रुवारी, सोमवार

ताईकडे गेले. म्हटलं, यादीत तू कोरसमध्ये आहेस. तुझं नाव वर हवं, त्या गाण्यापुढे.

"राहू दे."

"का म्हणून?"

"महाराणी गेली बिचारी. मेलेल्या माणसाचं नाव खोडतेस?"

"खोडत नाही. नुसतं खरं ते लिहिते."

"तुला दुसरी कामं नाहीत का गं?" आणि घडी केलेल्या चादरींची पुन्हा घडी घालायला लागली.

विनय! पासष्टी उलटल्यावर बाईला विनय सुचतोय. मला ते छापलेलं पाकीट तिच्या हातात द्यायचंय, निदान छापायला जाणारा कागद तरी, आणि तोही वीसच्या आत. "बघ, सांगत होते ना" हे तिने तोंडाने म्हणायला हवं. मला ते ऐकायचंय. अकरा दिवस उरले.

११ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीतल्या बाई गोड आहेत आणि एक इंच हलत नाहीत. "ताईंवर आमचा विश्वास आहे, पण पुरावा?" सुटे आवाज पाठवते म्हणाल्या, म्हणजे बेस वेगळा, ब्रास वेगळा, गाणारी वेगळी. श्वानप्रदर्शनाची बातमी द्यायची राहिली. संपादकांनी दोनदा फोन केला. उचलला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या तबकडीचा ध्वनिमुद्रक सापडला. एक्याऐंशी वर्षांचा. घरात एकही घड्याळ चालू नाही, टिकटिक सहन होत नाही म्हणे. मी बसल्या बसल्या खुर्ची दोनदा सरकवली, तर म्हणाला, "त्या खुर्चीचा उजवा पाय कुरकुरतो. एक तर नीट बसा, नाही तर उभ्या राहा."

उभी राहिले. विचारलं.

"टेपच्या खोक्यावर मीच लिहिलं होतं : गाइड, पुसणे. महाराणी बरी होऊन आली, छान गायली. दोन्ही ऐकलं. आणि महाराणीचं पुसलं."

"चुकून?"

"माझ्या हातून चुकून काही पुसलं जात नसे."

"म्हणजे तो आवाज कोरसमधल्या—"

"आवाज तुमच्या घरातला. एवढं लिहून देतो. त्यापुढे विचारू नका, मी शब्द दिलाय."

कोणाला दिला ते सांगेना. महाराणीलाच दिला असणार, दुसऱ्या कोणाला? त्याने एका ओळीचं पत्र लिहून दिलं. अक्षर मोत्यासारखं. रस्त्यावर आल्यावर कळलं की छत्री तिथेच राहिली. परत गेले नाही. खुर्चीची भीती.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुटा आवाज आला. हेडफोन लावून ऐकला. वाद्यं काढून टाकली की गाणं किती उघडं पडतं. कुठेतरी बांगडी वाजते, कोणीतरी आवंढा गिळतं.

आणि मग ती लांबलचक ओळ. बाकी सगळं गाणं ठोक्याला धरून श्वास घेतं. इथे तसं नाही. चार स्वर, श्वास. सहा स्वर, श्वास. सात, आणि मग विसावा. पुन्हा ऐकलं. बोटांवर मोजलं. चार, सहा, सात.

मंदाक्रान्ता! मेघदूताचं वृत्त.

बाबा रोज जेवणाआधी आमच्याकडून श्लोक म्हणून घ्यायचे. यतीच्या आत, म्हणजे ओळीतल्या ठरलेल्या विसाव्याआधी, श्वास घेतला की टेबलावर पट्टी. अख्ख्या घराला तो श्वास जडला होता. मी अजून जिने चढते तीसुद्धा चार, सहा, सात. महाराणीला हे कुठून येणार? जगात कुठल्या डिस्कोत कोणी मंदाक्रान्तेच्या यतीवर थांबलं असेल?

ताईचा आवाज तेव्हा एवढा भरीव होता? एकोणिसाव्या वर्षी? माइकची करामत असेल.

सत्तेचाळीस वर्षं तिला चिडवलं मी. हेडफोन काढले आणि बराच वेळ त्यांची वायर गुंडाळत बसले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पत्र आणि श्वासाचा हिशोब, दोन्ही पाठवलं. कंपनीतल्या बाईंना वृत्त समजावून सांगायला चाळीस मिनिटं लागली. शेवटी म्हणाल्या, "मला एक अक्षर कळलं नाही, पण ऐकू आलं." ताईचं नाव लागलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. कपाट आवरलं, पुन्हा पसरलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात ताईला कागद दाखवला. गाण्याचं नाव, पुढे तिचं नाव. म्हटलं, म्हण आता, सांगत होते ना.

तिने कागद दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं रडेल. रडली नाही. "तू किती धावलीस गं," एवढंच. मग सूप गार झालंय, उशी उंच आहे, खिडकीचा पडदा ओढ. तासभर अशाच फर्माइशी. निघताना हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि "जा, उशीर होईल तुला" म्हणाली.

तिचं शेवटचं बोलणं म्हणून मला हे मिळालं. उशीर होईल तुला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. चार तास. बरी आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ताईने पाटी मागितली. पहिलं वाक्य : माझं नाव काढ. आई गायली. माझा आवाजच फुटेना, ती बाकावरून उठली.

पुसलं. दुसरं : बाबांना कळू नये म्हणून. तोंडाने कोणाला सांगणार नाही, असं वचन घेतलं होतं तिने. आता तोंडाने नाही सांगितलं.

छपाई उद्या सकाळी. कंपनीतल्या बाई फोन उचलत नाहीत. सहा निरोप ठेवले, शेवटी त्यांच्या घराचा पत्ता शोधून निघाले. दारात पोचले तर ताईने पाटी वाजवून परत बोलावलं. तिसरं वाक्य लिहिलेलं होतं : आईचं माहेरचं नाव घाल.