घाटंजी ते मलकापूर, डोळे मिटून

आई, दिवाळीनंतर आम्ही मलकापूरला मामाकडे जाऊन आलो. गाडी मीच चालवली. घाटंजीहून सकाळी निघालो, शेजारी नवरा, मागे दोन्ही पोरं. यवतमाळ यायच्या आतच मागे मोबाइलवरून ओढाताण सुरू झाली. मुलगा म्हणे त्याची पाळी, मुलगी म्हणे त्याची पाळी घरीच संपली. नवऱ्यानं हात मागे करून मोबाइल घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला, तर दोघांनी एका सुरात विचारायला सुरुवात केली, "किती राह्यलं?" हा प्रश्न आम्हीही तुला विचारायचो. तू कधी आकडा सांगितला नाहीस. तू म्हणायचीस, "डोळे मिटा."

हा खेळ तू कसा काढलास ते मला नीट आठवतं. मलकापूरला जाताना लहान्याला, माझ्या धाकट्या भावाला, गाडी लागायची. बाबांच्या त्या जुन्या व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास यायचा, आणि दारव्ह्याच्या अलीकडेच त्याचा चेहरा पांढरा पडायचा. लिंबू झालं, गोळी झाली, कशानं काही होईना. मग एका वर्षी तू त्याला कुशीत घेतलंस आणि म्हणालीस, डोळे मिटून ऐक आणि समोरून काय येऊन राह्यलं ते सांग. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, जीप. गाडी बाजूनं जाईपर्यंत उत्तर द्यायचं, मग डोळे उघडून खरंखोटं पाहायचं. जो जिंकेल त्याच्या मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. मीही खेळायला लागले, कारण डबा मला हवा होता. आणि तुझा एक नियम होता. आवाज ओळखता आला नाही तरी चालेल, पण ऐकू आला तो सांगायचाच, गिळून टाकायचा नाही. कारंजा आलं तरी लहान्याला उलटी झाली नाही, तेव्हा बाबांनी आरशातून तुझ्याकडे पाहिलं. बाबांचं कौतुक तसंच असायचं.

मी पाचवीत होते त्या वर्षी दारव्ह्यात चाक पंक्चर झालं. दुकानात गर्दी होती, पंक्चरवाल्यानं घाईत चाक बसवलं आणि बाबाही घाईत निघाले. आपण गावाबाहेर पडलो, खेळ सुरू झाला. मी डोळे मिटून बसले आहे. समोरून काहीच येत नाही, तरी मला आवाज येतो आहे. टक, टक, टक. गाडीचा वेग वाढला की तोही वाढतो.

"आई, मागून आवाज येऊन राह्यला."

"कायचा?"

"नाही माहीत. टकटक वाजते."

बाबा पुढून म्हणाले, "डबा वाजत असन." तू माझ्या मांडीवरचा डबा उचललास आणि पोटाशी घट्ट धरलास. आवाज तसाच. मग पायाशी ठेवलेली पाण्याची कॅन उचललीस. आवाज तसाच. तू स्वतः डोळे मिटलेस. मला वाटतं तुला तो ऐकू आला नसावा, कारण तू मला विचारलंस, "आताही येते?" मी मान हलवली.

"गाडी थांबवा ना जी," तू म्हणालीस.

"आता कायले? आधीच उशीर होऊन राह्यला. तूही लेकरायच्या खेळात लागून राह्यली."

"खेळ असू द्या. पोरीले आवाज आला, उतरून पाहून घ्या. नसला तर मी बोलनार नाही."

तुझा आवाज चढला नव्हता. तुम्ही दोघं भांडताना मी पाहिलं होतं, हे भांडण नव्हतं. बाबांनी चिडून गाडी बाजूला घेतली, उतरले आणि मागच्या चाकाशी वाकले. वाकले ते तिथंच बसले. आम्ही खिडकीतून पाहतो आहोत. एक नट नव्हताच, आणि उरलेले बाबांच्या नुसत्या बोटांनी फिरत होते. शेजारून कापसानं भरलेला ट्रक गेला आणि आपली गाडी हलली. तू खाली उतरलीस, चाक पाहिलंस आणि पदरानं तोंड पुसलंस. पुढं उताराचा रस्ता होता, हे मला फार नंतर, स्वतः गाडी चालवायला लागल्यावर कळलं. तुम्हा दोघांना ते तेव्हाच कळलं होतं. बाबांनी पाना काढला, नट आवळले, हात पुसत परत आले. गाडी एकदम हळू चालवत त्यांनी विचारलं, "आता ऐक बरं, येते काय?" मी डोळे मिटले. "नाही येत," मी म्हणाले. बाबांनी आणखी एकदा विचारलं आणि मगच वेग वाढवला. लहाना घाबरून रडायच्या बेतात होता. तू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "चला, कोनाची पाळी राह्यली?"

त्या दिवशी माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. घरात, शाळेत, शेतावर मोठी माणसं बोलायची आणि आम्ही ऐकायचो. त्या रस्त्यावर माझ्या एका वाक्यावर गाडी थांबली होती. पुढं कुठंही निघायचं असलं की बाबा गाडी बाजारापर्यंत फिरवून आणायचे, मला सोबत घेऊन, आणि विचारायचे, "ठीक हाय काय?" बारावीनंतर त्यांनी न मागता माझ्या हातात स्टेअरिंग दिलं. शेजारच्या काकांनी विचारलं होतं, पोरीले गाडी कायले शिकवता. बाबा म्हणाले, "तिले गाडी ऐकू येते." मी आजही तशीच गाडी चालवते. कुठल्याही रस्त्याची मला भीती वाटत नाही.

तुला नागपूरच्या दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा मीच चालवत होते. तू मागच्या सीटवर आडवी, लहान्याच्या मांडीवर डोकं. तो तेव्हा कॉलेजात होता, मिशी आली होती त्याला. वाटेत तोच म्हणाला, "आई, डोळे मीट. सांग काय येऊन राह्यलं." तू सांगितलंस, ट्रक. ट्रकच होता. मग एसटी, मग ट्रॅक्टर, मग रिकामा ट्रॅक्टर. एकही चुकलं नाही. लहाना म्हणाला, एखादं तरी चुकव ना. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बिमार मी आहो, माहे कान नाही." बाबा माझ्या शेजारी बसून हसले आणि हसता हसता खिडकीकडे वळले.

परवा मी पोरांना तेच सांगितलं, डोळे मिटा. आधी खेळ काही जमला नाही. एसी बंद करून काचा खाली केल्या तर गरम होतं म्हणून तक्रार. हल्लीच्या गाड्या सुळकन जातात, मुलाला ट्रक आणि बसमधला फरक कळेना, तो वैतागला. मी आग्रह सोडून दिला. मग कारंज्याच्या पुढं मुलगी, डोळे मिटलेलेच, म्हणाली, "आता झाडं आली." खरंच रस्त्याकडेला कडुनिंबाची रांग होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आता पूल." पूल होता. मी विचारलं, कसं ओळखलं? तर म्हणे, हवा झाडावर आपटून परत येते, पुलावर गाडी पोकळ वाजते. हे तुझ्या खेळात नव्हतं, आई. हे तिनं काढलं. मग मुलानंही डोळे मिटले, आणि अकोल्यापर्यंत दोघं झाडं, पूल, भिंती, गाव ओळखत राहिले. नवऱ्याच्या खिशातल्या मोबाइलची कोणाला आठवणही झाली नाही.

मामा आता फार थकलेत, पण दारात उभे होते. मला पाहून म्हणाले, तुझी माय गाडीतून उतरली की चप्पल न काढता आधी विहिरीकडे धावायची. मला हे आठवत नव्हतं. आठवायला मी तिथं तुझ्याकडे पाहिलेलं तर हवं ना. मी तेव्हा सीटवरच बसून असायचे, उतरायला सगळ्यात शेवटची. घरी तू कधी बसलेली दिसायची नाहीस, गाडीत तुला उठता येत नव्हतं, आणि तो रस्ता संपला की तू पुन्हा सगळ्यांची व्हायचीस. मलकापूर कधी येऊच नये असं मला वाटायचं. तुला मात्र तुझं माहेर केव्हा येईल असं झालेलं असायचं, हे मला परवा मामांच्या दारात कळलं.