आईकडे जाणारी सरळ रेषा

प्रवासखर्चाच्या कचेरीतले साहेब,

पॉन्ड इनलेटला माझ्या भाचीला मुलगी झाली. तिला माझ्या वारलेल्या आईचं, आर्नात्सियाकचं नाव ठेवलं. आम्हा बर्फाळ मुलखातल्या लोकांत मेलेल्याचं नाव बाळाला मिळालं की ते माणूसच परत येतं. आई आली म्हणून मी तिकिटासाठी फोन केला, तर तुम्ही हसलात. म्हणालात, "आजी, तान्ही पोर तुमची आई कशी? आणि इग्लूलिकहून तासाभराचं तर अंतर! नकाशावर पट्टी ठेवूनच बघतोय."

अहो, तुमच्या पट्टीवरून विमान उडत नाही. ते आधी दक्षिणेला इकालुइटला नेतं, तिथल्या हॉटेलात निजवतं आणि मग पुन्हा उत्तरेला आणतं. पट्टीवरून जाते ती बर्फावर धावणारी आमची स्नोमोबाइल. उद्या भावाबरोबर निघतेय. वादळ आलंच तर बर्फाचं घर बांधू, आईनेच शिकवलंय. तिच्या आवडीचं मुरवलेलं वॉलरसचं मांस बांधून घेतलंय. दात येईपर्यंत नुसता वास घेईल बिचारी.

हसा खुशाल. हे पत्र मी टाकणार नाही, नाहीतर तुम्हाला वाटेल परवानगी मागतेय.

आईहून सत्तर वर्षांनी मोठी,
तिची धाकटी लेक
कौनाक